वस्तीची शिस्त आणि फ्रँकलिनचे डोके

बुएनोस आइरेस हे शहर ४८ बार्रिओंमध्ये विभागलेले असून, बार्रिओ म्हणजे स्वतःचे नाव, स्वतःचा अभिमान आणि जमल्यास स्वतःचा फुटबॉल संघ बाळगणारी वस्ती होय. पर्यटक टँगो पाहतो, मांस खातो आणि आठवड्याभरात परततो. आल्माग्रोसारख्या मध्यमवर्गीय बार्रिओत भाड्याने घर घेऊन राहणाऱ्या परदेशी माणसाला मात्र या शहराचा स्वभाव हळूहळू उमगत जातो, आणि तो असा की क्षुल्लक बाबींत ते कडकडीत सोवळे पाळते, तर पैशासारख्या गंभीर बाबीत ‘चालायचेच’ म्हणून सोडून देते.

सोवळ्याचा पहिला प्रत्यय इमारतीच्या दारातच येतो. बहुमजली इमारतीचे रस्त्याकडील दार अष्टौप्रहर कुलूपबंद असते आणि पुष्कळ ठिकाणी ते आतूनही किल्लीशिवाय उघडत नाही. वरून बटण दाबून दार उघडण्याची विजेची सोय असली, तरी सुरक्षिततेसाठी ती अनेकदा बंद करून ठेवलेली आढळते. परिणामी पाहुण्याला घ्यायलाही यजमानानेच खाली उतरायचे आणि पोचवायलाही. आधी बैठकीत, मग दारात, मग जिन्यात आणि शेवटी गाडीपाशी अशा चार टप्प्यांत निरोप घेणाऱ्या मराठी कुटुंबाला ही व्यवस्था आपल्यासाठीच केली असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण एवढीच, की येथे रागावून तडक निघून जाण्याची सोय नाही. यजमानाशी कडाक्याचे भांडण झाले तरी किल्ली त्याच्याच खिशात असल्यामुळे दोघांना एकाच अरुंद लिफ्टमधून, एकमेकांच्या बुटांकडे पाहत, तळमजल्यापर्यंत यावे लागते.

तत्पूर्वी आणखी एक विधी उरकायचा असतो. येताना आणि जाताना प्रत्येकाच्या गालाला गाल लावून एकेक चुंबन द्यावे लागते, स्नेही असल्यास पुरुषही पुरुषांना ते देतात, आणि सर्वांना मिळून एकच सामुदायिक ‘येतो’ म्हणणे शिष्टसंमत नाही. म्हणून मोठ्या मेजवानीतून निघू पाहणाऱ्याने निघण्याची इच्छा होण्याआधीच उठलेले बरे. हात जोडून सुटका करून घेऊ पाहणाऱ्या भारतीयाला योगशिक्षक समजून प्राणायामाविषयी विचारणा होण्याचा धोका असतो, म्हणजे वेळ वाचत नाही तो नाहीच.

इमारतीचा कारभार एन्कार्गादो नावाच्या रखवालदाराकडे असतो. तो सकाळी पाइपने पदपथ धुतो, दाराचे पितळ घासतो आणि कोण कधी आले-गेले हे रहिवाशांपेक्षा अचूक सांगू शकतो. या वर्गाचा हक्काच्या सुटीचा दिवस २ ऑक्टोबर हा आहे. गांधीजयंतीशी त्याचा काही संबंध नाही, परंतु त्या दिवशी आपला कचरा आपणच उचलण्याचा योग रहिवाशांना येतो, हे महात्माजींना निश्चित आवडले असते.

तथापि परदेशी माणसाच्या स्वाभिमानाची खरी कसोटी लागते ती भाजीच्या दुकानात. भेंडीचे टोक मोडून पाहणे, टोमॅटो दाबणे, कलिंगड कानाशी धरून वाजवणे हे ज्याला जन्मसिद्ध हक्क वाटतात, त्याला येथे मालाला हात लावू नये अशी पाटी वाचावी लागते. निवड भाजीवाला करतो. पाल्ता, म्हणजे अव्होकाडो, मागितल्यास तो आधी विचारतो, ‘आजसाठी की उद्यासाठी?’, आणि उत्तर मिळाल्यावर देठाजवळ अंगठा हलकेच टेकवून, एक बाजूला सारून, दुसरे उचलून पिशवीत टाकतो. ज्या ग्राहकाला रात्री काय शिजवायचे हेही ठरवता आलेले नाही, त्याने फळाच्या भवितव्याविषयी तत्काळ भूमिका घ्यावी, ही अपेक्षा जाचक खरी. परंतु ‘उद्यासाठी’ दिलेले फळ खरोखरच उद्या पिकते, तेव्हा तक्रारीला जागा उरत नाही. गंमत अशी की हे भाजीवाले पुष्कळदा स्वतःच बोलिव्हियातून आलेले असतात, त्यामुळे एका परदेशी माणसाला स्थानिक रीत शिकवण्याचे काम दुसरा परदेशी माणूसच करतो. ओळख मुरली की शेवटी थोडी पार्सली फुकट पिशवीत पडते, आणि भाजीवर फुकट मिळणाऱ्या कढीपत्त्यावर वाढलेले मराठी मन तेथे निवते.

पैशाच्या प्रांतात ही सारी शिस्त विरघळते. २००८च्या सुमारास शहरात नाण्यांचा विलक्षण दुष्काळ पडला होता, कारण बसमधील तिकीटयंत्र केवळ नाणी घेत असे. दुकानदार सुट्या पैशांऐवजी गोळ्या देत आणि नाणे हातचे जाऊ नये म्हणून प्रसंगी गिऱ्हाइकाला परत पाठवत. २००९पासून ‘सुबे’ हे प्रवासकार्ड आले आणि बसचा प्रश्न हळूहळू मिटला. पुढे २०११मध्ये परकीय चलनाच्या खरेदीवर निर्बंध आल्यावर डॉलरला एक सरकारी आणि एक ‘ब्लू’ म्हणजे समांतर, असे दोन भाव झाले. त्यांपैकी दुसरा भाव बेकायदेशीर असूनही वर्तमानपत्रात रोज छापला जाई. फ्लोरिदा या पादचारी रस्त्यावर चलन बदलून देण्याची हाळी घालत दिवसभर उभ्या असणाऱ्या दलालांना लोक ‘आर्बोलितो’, म्हणजे झाडुकले, म्हणतात. या झाडांखाली परदेशी माणसाला कळते, की शंभर डॉलरच्या सर्व नोटा समान नसतात. १९९६पूर्वीच्या आराखड्याच्या नोटेवर बेंजामिन फ्रँकलिनचे चित्र लहान आहे, नंतरच्या नोटेवर मोठे. अमेरिकेच्या लेखी दोन्हींची किंमत एकच, परंतु येथे लहान डोक्याच्या फ्रँकलिनला कमी भाव मिळतो. विजेचा संशोधक म्हणून त्याची ख्याती दोन्ही चित्रांत सारखीच असताना हा भेद कोणत्या न्यायाने होतो, हे विचारणाऱ्याला नोट परत मिळते.

जेवणाच्या वेळांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही: रात्री आठला भूक लागणाऱ्याने ती दहापर्यंत सांभाळावी. शाकाहाऱ्याला हॅमचा समावेश मांसात का होत नाही हे कोडे सुटत नाही, पण पिझ्झाच्या दुकानात फाइना मिळते. जिनोव्हाकडील इटालियन स्थलांतरितांनी आणलेला हा हरभऱ्याच्या पिठाचा भाजलेला थर चक्क पिझ्झाच्या तुकड्यावर ठेवून खातात. बेसनाचा हा सन्मान पाहून मराठी माणूस हिरवी मिरची मागतो, आणि ती तेवढी मिळत नाही.

महिन्याच्या २९ तारखेला मात्र सारी वस्ती न्योकी, म्हणजे उकडलेले बटाटे आणि मैदा यांचे गोळे, खाते. महिनाअखेरीस खिशाला परवडणारे अन्न हे या प्रथेचे एक स्पष्टीकरण सांगितले जाते. भरभराट व्हावी म्हणून जेवताना ताटलीखाली एक नोट ठेवतात, आणि काही घरांत ती पुढच्या २९ तारखेपर्यंत जपतात. नोट कोणत्या देशाची असावी याविषयी परंपरेचा आग्रह नाही. परंतु २०२३ साली, महागाई वर्षभरात २०० टक्क्यांच्या वर गेलेली असताना, ज्यांनी ती पेसोमध्ये जपली, त्यांच्या श्रद्धेत खोट काढता येणार नाही.