साल सांगणारा माणूस

लंडनमध्ये सेंट जेम्सेस स्ट्रीटच्या आसपास संध्याकाळी सहाच्या सुमाराला, मोहरीच्या रंगाची कॉर्डुरॉय पँट घातलेला, साठी उलटलेला एखादा इंग्रज गृहस्थ लगबगीने जाताना दिसला, तर तो क्लॅरेट चाखायला निघाला आहे असं खुशाल समजावं. बोर्दोच्या लाल वाइनला इंग्रज क्लॅरेट म्हणतात. याचा टाय गडद लाल असतो, म्हणजे डाग दिसत नाहीत. अंगाला अत्तर नाही, गालाला आफ्टरशेव्ह नाही, दुपारपासून कॉफी आणि लसूण वर्ज्य. खिशात काळी वही. धंद्याने हा बहुधा वकील किंवा हिशेबतपासनीस, नुकताच निवृत्त झालेला. आमच्या गल्लीत असा एक आहे आणि त्याच्या कृपेने त्याचे बरेच जातभाई मी जवळून पाहिले आहेत. सगळे मिळून एकच माणूस होतो, म्हणून पुढे एकवचनातच लिहितो.

फ्रान्सबद्दल याचं मत फारसं बरं नाही. बोर्दो मात्र तो फ्रान्समध्ये धरत नाही. 1152 साली आक्विटेनच्या एलिनॉरने हेन्रीशी लग्न केलं, दोन वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला आणि तिच्या माहेरचा हा मुलूख इंग्लंडच्या पदरात पडला. पुढची तीनशे वर्षं तो तिथेच राहिला. 1453 साली कास्तियोंच्या लढाईत गेला. याचं दुःख हा अशा स्वरात सांगतो की वाटावं, गेल्या महिन्यात कुणा कारकुनाच्या हलगर्जीपणामुळे कागद हुकले. चाखण्याच्या परंपरेचा मूळपुरुषही इंग्रजच, असं त्याचं ठाम म्हणणं. सॅम्युअल पीप्सने 10 एप्रिल 1663 रोजी लंडनच्या एका खानावळीत ओ-ब्रियों ही बोर्दोची वाइन प्यायल्याची नोंद रोजनिशीत केली आणि नाव लिहिलं ‘हो ब्रायन’. “नाव चुकलं,” हा म्हणतो, “चव चुकली नाही.”

चाखण्याचे प्रकार दोन. एकाच शातोची, म्हणजे एकाच द्राक्षमळ्याची, निरनिराळी सालं ओळीने मांडली की ती व्हर्टिकल, आणि एकाच सालाचे निरनिराळे शातो मांडले की ती हॉरिझाँटल. जे थुंकत नाहीत ते पहिल्या प्रकाराने सुरुवात करून दुसऱ्यात पोचतात. हा थुंकतो. आणि काय थुंकतो! दोन हातांवरच्या पिकदाणीत बारीक, सलग, टायला न शिवणारी धार. ही कला साधायला त्याला अर्धं आयुष्य लागलं आणि या एकाच बाबतीत त्याची पत्नीही त्याला मानते.

पण थुंकणं शेवटी. आधी पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघायचा. कड जांभळी असेल तर पोर अजून लहान आहे, विटेच्या रंगावर आली असेल तर वयात येऊन गेलं. मग पेला गरगरा फिरवायचा आणि त्यात नाक घालून डोळे मिटायचे. खोलीत चाळीस माणसं असली तरी या वेळी कुणी बोलत नाही. मग घोट घ्यायचा, ओठांच्या फटीतून हवा आत ओढायची आणि जो आवाज ऐकून आमच्या आजीने पानावरून उठवलं असतं तो आवाज करत ती तोंडभर खेळवायची. मग वहीत लिहायचं: पेन्सिलीचं शिसं. देवदार. सिगारची रिकामी पेटी. ब्लॅककरंट. जुनं चामडं. ओली माती. थंड सालातली, नीट न पिकलेली काबेर्ने जातीची द्राक्षं असतील तर ढोबळी मिरची. बुचाने दगा दिला असेल तर भिजका पुठ्ठा. आणि कधीकधी तबेला. ब्रेटॅनोमायसीस नावाचं एक यीस्ट पिंपात शिरलं की वाइनला घोड्यांचा वास येतो. थोडा आला तर हा त्याला ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणतो, फार आला तर बाटली परत पाठवतो. एवढ्या सगळ्यांत द्राक्षाचा वास आला असं म्हणताना मी त्याला कधी ऐकलेलं नाही.

या माणसाला खरं तर वाइन प्यायची नसतेच. त्याला हवा प्यायची असते, तीही जुनी. बोर्दो अटलांटिकच्या काठाला आहे आणि तिथलं हवामान कधी शब्द पाळत नाही. एप्रिलमध्ये कोवळ्या फुटीवर हिम पडतं, जूनच्या फुलोऱ्यात पाऊस येऊन फुलं झडतात, उन्हाळ्यात गारा आणि सप्टेंबरात ऐन काढणीच्या तोंडावर पुन्हा पाऊस. त्यातही नदीच्या डाव्या तीरावर मेदोकच्या वाळूखड्यांत उशिरा पिकणारी काबेर्ने सोव्हिन्यों आणि उजव्या तीरावर पोमेरोल, सेंतेमिलियोंकडे लवकर पिकणारी मर्लो. तेव्हा एका तीराची दिवाळी ती दुसऱ्या तीराची असेलच असं नाही. ही सगळी सालं याच्या जिभेवर. खिशात चाराण्याच्या पंचांगासारखं सालांचं एक कार्ड असतं, पण ते दुसऱ्यांना दाखवायला. 1984? मर्लोची फुलं गळाली. 1991? एप्रिलमध्ये हिम. 2003? युरोपभर माणसं उन्हाने मेली. द्राक्षांचा मुरंबा झाला. 2013? याविषयी न बोललेलं बरं. आदल्या दिवशी चष्मा कुठे ठेवला हे त्याला आठवत नाही, पण 1964च्या ऑक्टोबरात मेदोकमध्ये पाऊस लागला तेव्हा कोणाची काढणी उरकली होती आणि कोण भिजलं हे तो नावानिशी सांगतो. तेव्हा हा तीन वर्षांचा होता.

म्हणजे जन्म 1961चा. हे तो ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगतो. 1961 म्हणजे गेल्या शतकातल्या थोर सालांपैकी एक. वसंतात थंडीने पीक फार थोडं राहिलं, पण राहिलेल्या घडांत सगळा जीव उतरला. त्या यशात आपलाही काही वाटा आहे अशा विनयाने तो मान खाली घालतो. पत्नी मात्र 1963ची. बोर्दोत त्या साली द्राक्षं वेलीवरच कुजली. सुदैवाने पोर्तुगालात पोर्टसाठी तेच साल अप्रतिम निघालं, त्यामुळे बाईंच्या दर वाढदिवसाला घरात पोर्ट उघडते. तिला गोड वाइन आवडत नाही. मुलगी 1990ची, म्हणून लाडकी. मुलगा 1992चा. त्या वर्षी पावसाने वाइन पाण्यासारखी झाली आणि बापाने मुलाच्या नावाने एकही पेटी घेतली नाही. मुलगा बिअर पितो, आणि बापाला वाटतं की हा सालाचाच परिणाम.

त्याने एकदा मला विचारलं, “तुमच्या नाशिकला सालं कशी असतात?” मी सांगितलं की आमच्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, काढणी साधारण जानेवारी ते मार्च, कोरड्या हवेत, पावसाळा केव्हाच सरलेला असतो. म्हणजे दर साली बरंच सारखं? बरंच. त्याने माझ्याकडे अतीव करुणेने पाहिलं. वाईट सालंच नसतील तर चांगली कुठून येणार! मग मी अवकाळीचा विषय काढला. फेब्रुवारीतली गारपीट, एका रात्रीत झोपलेल्या बागा, कपाळाला हात लावून बसलेले शेतकरी. तसतसा त्याचा चेहरा खुलत गेला. “मग आशा आहे,” तो म्हणाला.

गुणांच्या बाबतीत हा सोवळा आहे. जुनी इंग्रजी पद्धत विसापैकी गुण देण्याची. शंभराचं खूळ रॉबर्ट पार्कर या मेरीलँडच्या वकिलाने रुजवलं. इतर टीकाकार 1982 सालाबद्दल कुरकुरत असताना त्याने ते डोक्यावर घेतलं आणि त्याचं नाव झालं. त्या मापात मोजणी पन्नासापासून सुरू होते, म्हणजे बाटलीत काहीतरी ओलं आहे एवढ्यावर निम्मे गुण. हा प्रकार बाजारू आहे असं याचं मत असून प्रत्येक बाटलीचे पार्करचे गुण त्याला तोंडपाठ आहेत. त्याची खरी श्रद्धा 1855च्या यादीवर. तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी भाव बघून शातोंचे पाच वर्ग पाडले आणि घाईत केलेलं ते काम आजतागायत चालू आहे. ठळक बदल म्हणावा असा एकच, 1973 साली मुतों हे शातो दुसऱ्यातून पहिल्या वर्गात चढलं. फर्मानावर सही तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांची. सध्या यादीत एकसष्ट नावं आहेत, आणि झोप आली नाही की हा ती पहिल्यापासून म्हणतो. पाचव्या वर्गात अठरा शातो आहेत. तिथे कुठेतरी डोळा लागतो. त्यामुळे खालच्या वर्गातल्या वाइन्सबद्दल त्याला एक प्रकारची माया आहे.

लेबल झाकून चाखायची वेळ आली की मात्र तो सावध होतो. हॅरी वॉ नावाचे एक नामांकित इंग्रज वाइन-व्यापारी होते, शातो लातूरच्या संचालक मंडळावरही होते. बोर्दो आणि बर्गंडीत तुमची कधी गल्लत झाली आहे का, असं त्यांना कुणी विचारलं, तर म्हणाले, आज दुपारच्या जेवणानंतर नाही. ही गोष्ट आमचा गृहस्थ प्रत्येक वेळी सांगतो, आणि नेमकी पेला हातात आल्यावर. बोर्दो विद्यापीठातल्या संशोधकांनी वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 जणांपुढे पांढरी वाइन लाल रंगवून ठेवली आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं, हा 2001 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मी एकदा भीतभीत काढला. “विद्यार्थी होते,” एवढंच उत्तर मिळालं.

1976चं प्रकरण याहून नाजूक. त्या वर्षी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रजाने फ्रेंच परीक्षकांना लेबलं झाकून वाइन्स दिल्या आणि कॅलिफोर्नियाच्या 1973च्या स्टॅग्ज लीपने 1970च्या मुतोंला आणि ओ-ब्रियोंला मागे टाकलं. याचं म्हणणं, त्यात काही अर्थ नाही. सहा वर्षांचं बोर्दो म्हणजे पाळण्यातलं मूल, ते उघडायला नको होतं. बरं, मग तीस वर्षांनी, 2006 साली, त्याच लाल वाइन्स पुन्हा चाखल्या. पुन्हा कॅलिफोर्निया पहिली, आणि या वेळी तर फरक जास्त. यावर तो म्हणाला, “तोवर फार उशीर झाला होता.”

हे दोन्ही तो मनापासून बोलतो, आणि या माणसाची सगळी गोम तिथे आहे. बोर्दोची बाटली त्याच्या मते तीन अवस्थांत असते. आधी ती कोवळी असते. मग ती ‘बंद’ होते, म्हणजे काही वर्षं वासही देत नाही आणि चवही, रुसून बसते. त्यानंतर उतरणीला लागते. बंद होण्याच्या आणि उतरणीच्या मध्ये एक उत्तम काळ असतो याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे, पण त्या मंगळवारी हा नेमका बाहेरगावी असतो. 1975च्या वाइन्स तुरट होत्या. तुरटपणा आणणारं टॅनिन मऊ होईल म्हणून लोकांनी वीस-पंचवीस वर्षं कळ काढली, आणि बऱ्याच बाटल्यांत तुरटपणा जागच्या जागी राहून फळच निघून गेलं. याच्याकडे त्यातल्या काही अजून आहेत. त्या उघडाव्यात का, असं विचारलं तर तो थोडा विचार करतो.

उलट नियम मोडणाऱ्या बाटलीपुढे तो साष्टांग नमस्कार घालतो. 1947 साल भयंकर तापलं होतं. शेव्हाल ब्लां या शातोची वाइन नीट आंबलीच नाही, तिच्यात साखर राहिली, शिर्क्याची किंचित झाक राहिली, मद्यांश वाजवीपेक्षा चढला. आज कुणी अशी वाइन आणून दिली तर हा तिला मोरीत ओतेल. 1947ची म्हणून दिली तर रुमाल काढून डोळे टिपेल. तिचा एक थेंब कधीतरी त्याच्या जिभेला लागला होता. त्या थेंबाचं वर्णन वहीत चार पानं आहे.

नवी खरेदी तो आगाऊ करतो. काढणीनंतरच्या वसंतात बोर्दोत व्यापारी आणि समीक्षक जमतात, 225 लिटरच्या पिंपांतले कच्चे नमुने चाखून दात काळे करून घेतात आणि वाइन बाटलीत भरायच्या वर्षभर आधी तिचे भाव फुटतात. पैसे आज, माल पुढे. माल आला तरी घरी येत नाही, कारण घरी आणला तर जकात भरावी लागते आणि शिवाय पिण्याचा मोह होतो. तो माल विल्टशायरमधल्या एका जुन्या दगडखाणीत, जमिनीखाली, काळोखात राहतो. हा दर वर्षी त्याचं भाडं भरतो. आपल्या बहुतेक बाटल्या त्याने पाहिलेल्या नाहीत.

गेल्या खेपेला तो फारच खुशीत होता. नातू 2022चा निघाला होता. दुष्काळी, रखरखीत आणि थोर साल. सूनबाईंचं त्याने दोनदा अभिनंदन केलं. नातवासाठी दोन पेट्या घेतल्या, आणि व्यापाऱ्याने पाठवलेल्या कागदावर लिहिलं होतं की ही वाइन 2032 ते 2060 या काळात प्यावी. त्याने जेवणाच्या टेबलावर ते मोठ्याने वाचलं. 2060 साली आपण नव्व्याण्णव वर्षांचे असू हे त्याने लगेच सांगितलं, आणि त्यात त्याला काही अडचण दिसली नाही. अडचण मुलाला दिसली. 1992चा हा मुलगा बिअरचा ग्लास ठेवून सरळ म्हणाला, “बाबा, खाणीतलं सगळं विकून का नाही टाकत? आमच्यात कोण पिणार आहे ते?”

बोर्दोचे भाव घसरत चालले होते हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण यानेच ते प्रत्येकाला सांगितलं होतं. त्याने कागदाची घडी घातली, ती वहीत ठेवली आणि बटाटे पुढे सरकवत म्हणाला, “विकायला हे साल चांगलं नाही.”