उपनगरातले मुचकुंद

भागवतात मुचकुंद नावाचा एक राजा आहे. देवांच्या बाजूने असुरांशी लढताना बिचाऱ्याचा कित्येक युगं डोळ्याला डोळा लागला नव्हता. युद्ध संपल्यावर देव म्हणाले, मोक्ष सोडून काय हवं ते माग. राजाने झोप मागितली. शिवाय मध्येच कुणी उठवलं तर उठवणाऱ्याचं जागच्या जागी भस्म व्हावं, अशी सोयही करून घेतली. पुढे कृष्णाचा पाठलाग करत कालयवन त्या गुहेत शिरला, झोपलेल्या राजाला त्याने लाथ घातली आणि त्याची राख झाली.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठेही जा, दर सोसायटीत एक तरी मुचकुंद सापडतोच. देवांनी त्याला झोपेची ओढ भरभरून दिली, पण वराचा दुसरा भाग द्यायचा राहून गेला. म्हणून तर दूधवाला, पेपरवाला, गाड्या धुणारा आणि ‘अहो, पाणी जाईल’ म्हणणारी सौभाग्यवती ही सगळी मंडळी सकाळी आठनंतरही धडधाकट दिसतात.

लोक त्याला कुंभकर्ण म्हणतात, ते त्याला मुळीच आवडत नाही. ‘कुंभकर्णाला सलग सहा महिने मिळायचे. त्याला उठवायला ढोल, शंख, हत्ती आणावे लागले. मला शेजारच्यांचा मिक्सर पुरतो.’ त्याची खरी असूया विष्णूशी आहे. आषाढी एकादशीला निजलेले देव एकदम कार्तिकीला उठतात. ‘ते झोपले की लोक उपास करतात आणि मी झोपलो की उद्धार!’ सासऱ्यांनी एकदा त्याच्यापुढे दासबोधातला निद्रानिरूपणाचा समास उघडून ठेवला. त्याने तो भक्तिभावाने वाचला आणि म्हणाला, ‘झोपलेल्यांचं इतकं बारीक वर्णन करायचं म्हणजे समर्थांना किती जागरण झालं असेल!’

बघणाऱ्याला तो आळशी वाटतो. वास्तविक झोपेसाठी तो जेवढी धावपळ करतो तेवढी नोकरीसाठी केली असती तर आज मॅनेजर असता.

मुलुंडच्या मुचकुंदाचंच बघा. राहतो मुलुंडला, पास काढतो ठाण्याचा. सकाळी उलटा ठाण्याला जातो आणि तिथून सुटणाऱ्या स्लो लोकलची खिडकी पकडतो. फास्ट गाडीचं नाव काढलेलं त्याला खपत नाही. ‘वेळ वाचवून करायचं काय? झोपायचंच ना? मग गाडीतच झोपतो की!’ मांडीवर बॅग घेऊन, खिडकीला डोकं टेकून तो डोळे मिटतो आणि त्याच क्षणी मागच्या भजनी मंडळाचे टाळ सुरू होतात. त्यांतूनही डोळा लागलाच तर समोर उभा असलेला प्रवासी खांद्यावर बोट टोचून विचारतो, ‘कुठे?’ बसलेल्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा उभ्या माणसाचा हक्क राज्यघटनेत नसला तरी मध्य रेल्वेवर पाळला जातो. मुचकुंद झोपेतच ‘व्हीटी’ म्हणतो. विचारणारा निराश होऊन पुढच्याला टोचतो. मग चौथ्या सीटवाला येतो आणि ‘जरा सरका’ म्हणत अर्धं शरीर बाकावर टेकवतो. ठाण्यानंतर सीएसएमटीपर्यंत अठरा स्टेशनं. प्रत्येकाची घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. म्हणजे ज्या माणसाला मधल्या एकाही स्टेशनात काडीचा रस नाही, त्याच्या कानात चोपन्न घोषणा ओतल्या जातात.

संध्याकाळी तो ठाणा लोकलच धरतो. गणित साधं आहे: झोप लागून मुलुंड गेलंच तर फार तर ठाणं, त्यापुढे ही गाडीच जात नाही. गाडी पुढे जात नसली तरी मागे येते, एवढंच त्या गणितात बसत नाही. दचकून जागा होतो तर बाहेर घाटकोपर. ‘चला, वेळेत उठलो,’ म्हणून तो समाधानाने बॅग आवरतो. आणि पुढचं स्टेशन येतं विद्याविहार.

घाटकोपरच्या मुचकुंदाच्या डोक्यावरून तर विमानं उतरतात. विमानांची त्याला सवय झाली आहे. त्याचा घात केला मेट्रोने. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा सगळं घाटकोपर आनंदात होतं, हा एकटा सुतकात. पूर्वी बसने ट्रॅफिकमधून अंधेरी गाठायची म्हणजे एक अख्खी, सणसणीत झोप व्हायची. आता ११.४ किलोमीटरचा पूर्ण मार्ग वीसेक मिनिटांत संपतो. पेंग येते न येते तोच समोर वर्सोवा!

अंधेरीच्या मुचकुंदाचं दुःख ऐकून लोकांना हसू येतं, आणि तेच त्याचं दुःख आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी लोखंडवालाच्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. तो पुढे जगभर पसरला, म्हणजे याच्या खिडकीखालीही आला. सकाळी सात वाजता वीस-पंचवीस ज्येष्ठ नागरिक हात वर करून कारण नसताना खदखदतात. भांडणाची तक्रार पोलिसांत करता येते, हसण्याची कशी करणार? बोरिवलीवाल्याची अडचण आणखी नाजूक. नॅशनल पार्कच्या बाजूचा फ्लॅट त्याने शांततेसाठी घेतला आणि उन्हाळा लागला की पहाटे चारला कोकीळ सुरू होतो. कोकीळ नकोसा झालाय, हे मराठी माणसाने चारचौघांत बोलायचं तरी कसं?

कायदा मात्र मुचकुंदाला तोंडपाठ असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. पुनर्विकासातल्या शेजारच्या इमारतीचं ड्रिल त्यामुळे सहा वाजेपर्यंत दम धरून बसतं. २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोप ही माणसाची मूलभूत गरज आणि जगण्याच्या हक्काचा भाग मानली. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही, रात्रभर जबाब नोंदवत बसणाऱ्या ईडीला झोपेच्या हक्काची आठवण करून दिली. त्या बातमीचं कात्रण त्याने बेडरूमच्या दाराला चिकटवलं आहे. बायको शांतपणे म्हणते, ‘ते ईडीला सांगितलंय, मला नाही. उठा.’

सगळ्यांत जुनी तक्रार ३९ मिनिटांची. एके काळी मुंबईची स्वतःची वेळ होती, आजच्या भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे. १९०६ मध्ये देशासाठी एकच प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत जुनी वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. मग तीही गेली. मुचकुंदाच्या मते ही मुंबईकरांच्या साखरझोपेवर घातलेली धाड आहे, आणि माल अजून मिळालेला नाही. ऑफिसात अर्धा तास उशिरा पोचल्यावर त्याने साहेबांना हा इतिहास सविस्तर सांगितला आणि म्हणाला, ‘त्या हिशेबाने मी नऊ मिनिटं लवकर आलोय.’ साहेबांनी त्याचा अर्ध्या दिवसाचा पगारही जुन्याच हिशेबाने कापला.

बायकांत मुचकुंद नसतात असं नाही, त्यांना फक्त ते उघड होऊ देता येत नाही. नवरा उशिरा उठला तर ‘दमला असेल’. तीच साताला उठली तर घरातल्या भांड्यांचा आवाज आपोआप वाढतो. पाचाला उठून डबे भरायचे आणि उरलेली झोप लेडीज डब्यात, कोथिंबीर निवडणारीच्या खांद्यावर पुरी करायची. तिची गुहा म्हणजे माहेर. आई विचारते, ‘काय करू गं तुझ्यासाठी? पुरणपोळी? आळूवडी?’ ती म्हणते, ‘काही नको. जाताना दार ओढून घे.’

इतके समदुःखी असून त्यांची संघटना का नाही? कारण सभेची वेळ ठरत नाही. सकाळी शक्य नाही, दुपारी प्रश्नच नाही आणि रात्री तर वेळ वाया घालवणं पाप. तरी गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या मुचकुंदाने एकट्याने बंड केलं. सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, तिच्यासाठी त्याने रीतसर ठराव दिला: दुपारी दोन ते चार आणि रविवारी सकाळी नऊपर्यंत ड्रिल, इंटरकॉम व कुरियर बंद ठेवावेत आणि झोपलेल्या सभासदास कोणत्याही कारणास्तव उठवू नये.

सभा रविवारी, सकाळी साडेनऊला. तो आला, अंघोळ करून आला. सही केली आणि मागच्या रांगेत पंख्याखाली बसला. मागच्या सभेचं इतिवृत्त, ताळेबंद, पाण्याच्या टाकीची गळती, पार्किंगवरून दोन भांडणं असं करत गाडी सातव्या विषयावर आली. अध्यक्षांनी सूचकाचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. ठराव सूचकाअभावी बारगळला. खुर्च्या उचलण्याच्या आवाजाने याला जाग आली.

‘अहो सेक्रेटरी, माझा ठराव?’

‘तुम्ही झोपला होतात.’

‘मग हलवायचं नाही का?’

‘असं कसं?’ सेक्रेटरी कागद आवरत म्हणाले, ‘मंजूर नसला तरी ठराव तुमचाच होता ना!’