गच्चीवरची देवयानी

अहो, ऐकलंत का? आमच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं प्रकरण सुरू आहे. नाव देवयानी. खुद्द काकूंनीच सांगितलं, तेही लसूण सोलता सोलता. "जेवणं झाली की गच्चीवर जातात. आधी शर्मिष्ठा शोधतात, मग तिच्या आधाराने देवयानी." एकटी देवयानी असती तर समजू शकलो असतो. पण शर्मिष्ठेच्या मध्यस्थीने? आणि ययाती तिथंच शेजारी उभा असताना?

मग उलगडा झाला. आपल्या मराठी आकाशवाल्यांनी ते सगळं घराणंच वर नेऊन बसवलंय. कॅसिओपिया म्हणजे शर्मिष्ठा, अँड्रोमिडा म्हणजे देवयानी, पर्सियस ययाती आणि सेफियस वृषपर्वा. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांचा डब्ल्यू होतो. त्यातलं जास्त टोकदार टोक बाण समजायचं, हात लांब करून दीड मूठभर अंतर मोजायचं, की तिथे देवयानी दीर्घिका. बाई 25 लाख प्रकाशवर्षं दूर राहते म्हटल्यावर काकूंचा जीव भांड्यात पडला.

सोसायटीचा मात्र पडेना. कारण काका आणि त्यांचे सोबती गच्चीवर जातात ते अमावास्येला! हातात बॅटरी, तिच्यावर लाल जिलेटिन कागद, तोंडाने कुजबुज. समोरच्या विंगमधून पाहणाऱ्याने काय समजायचं? लिंबू-मिरची तेवढी कमी होती. काका म्हणे, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, पांढरा उजेड पडला की सगळी कमाई बुडाली, लाल चालतो. कोजागरीला आम्ही दूध आटवत होतो तर हे गृहस्थ चंद्राकडे पाठ करून पुटपुटत होते, "केवढा हा उजेड!" असा माणूस प्रसाद म्हणून मसाला दूध कुठल्या तोंडाने पितो? प्यायला मात्र दोन पेले.

पण हद्द झाली ती डिसेंबरात. आमच्या वसईच्या माणिकपुरात नाताळात दारोदारी कागदी तारे लागतात, ही काय आजची गोष्ट आहे? काकांनी शेजारच्या बंगल्यात जाऊन विचारलं, टाकीवरचा तारा रात्री नऊनंतर विझवता येईल का. नाताळात तारा विझवा म्हणणारा माणूस माणिकपुरात पहिलाच! त्या लोकांचा मोठेपणा असा की त्यांनी विझवलाही, आणि वर येताना कुलकुल्यांचा डबा घेऊन आले. आता तेही अमावास्येला वर असतात. साथ म्हणतात ती हीच.

ध्रुवाचं वेगळंच. वसईतून तो जेमतेम एकोणीस अंश वर दिसतो, विरारच्या बाजूला. तिकडे टॉवर झाला आणि ध्रुवाला अढळपदावरून उठवलं. देवयानी डोक्याजवळ येते म्हणून वाचली.

शेवटी मी रंगेहाथ पकडायलाच वर गेलो. लाकडी पेटीत बसवलेलं जाड नळकांडं, वर काका ओणवे. "बघा, पटकन बघा." डोळा लावला, काही नाही. "गेली! पृथ्वी फिरते ना, तासाला पंधरा अंश. ती चार-पाच मिनिटांत चौकटीबाहेर जाते, हळूच ढकलत राहायचं." मी ढकललं, तर सगळं भलतीकडेच पळालं. आरशाचा खेळ! तीन वेळा हरवली, चौथ्यांदा सापडली. आणि दिसलं काय? फळ्यावरचा खडू ओल्या फडक्याने पुसल्यावर राहतो तसा डाग. "थेट बघू नका," काका कुजबुजले, "डोळ्याच्या कोपऱ्यातून बघा. मंद उजेड कडेलाच जास्त दिसतो." आईने जन्मभर जे करू नको म्हणून बजावलं, नेमकं तेच! पण नजर तिरकी केली आणि डाग दोन्ही बाजूंना पसरला. खोटं कशाला बोलू, मानेला रग लागेपर्यंत उठलो नाही.

चौथ्या मजल्यावरच्या पोराकडे स्मार्ट दुर्बीण आहे. ती आपणच आकाशाचा फोटो काढते, ताऱ्यांची ओळख पटवते, वस्तू शोधते आणि धरूनही ठेवते. पोरगं खाली चहा पीत मोबाइलवर रंगीत देवयानी बघतं. "हे प्रेम नव्हे," काकांचा निकाल, "हे विवाहमंडळ."

बरं, हा नाद आजचा नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी नायगमवाला 1888 पासून वीस इंची आरशाची दुर्बीण लावून बसले होते, मृगातल्या तेजोमेघाच्या मागे. 1912 मध्ये ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे हॅलेच्या धूमकेतूच्या गडबडीत मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं, तेव्हापासून भल्या घरची मुलंमुली रात्र रात्र वांगणीला काढतात आणि पहिल्या लोकलने जांभया देत परततात. आणि तो मेसिए! फ्रान्समध्ये बसून धूमकेतू शोधायचा. मध्ये येणारे देवयानीसारखे डाग त्याला नको होते, म्हणून त्यांची यादी केली: इकडे बघू नका. आज लोक मार्च-एप्रिलच्या अमावास्येला एका रात्रीत त्या यादीतले 110 च्या 110 गाठायला धावतात. नको म्हटलं की हवंच.

येत्या अमावास्येला यायचं असेल तर या. गच्चीची किल्ली आता सेक्रेटरींकडे नसते, काकांकडे असते. स्वेटर आणा, बसायला स्टूल आणा, आणि मोबाइल खालीच ठेवून या.