वाळत घातलेली गाडी

परळीत थंडी पडते जेमतेम दीड महिना. नेमकी तेव्हाच मी गाडी रंगवायला टाकली. "दोन दिवसांत घेऊन जा, मालक," पेंटर मिस्त्री म्हणाले. तिसऱ्या दिवशी बॉनेटवर बोट टेकवलं, तर आधार केंद्रावरही उमटला नव्हता इतका स्वच्छ ठसा उमटला.

चूक रंगाची नाही. हल्लीचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग नुसता वाळत नाही. थिनर उडाल्यावर रंगाची हार्डनरशी सोयरीक जमावी लागते, आणि थंडीत ही बोलणी लांबतात. ६० अंशांच्या बंद बूथमध्ये हेच लग्न अर्ध्या-पाऊण तासात लागतं. आमचा मांडव पत्र्याचा, तीन बाजूंनी उघडा. मिस्त्रींनी दोन हॅलोजन लावले. लगेच लाईट गेली.

आता गंमत बघा. गावाला लागून औष्णिक केंद्र. २५० मेगावॉटचे तीन संच, कोळशाच्या मालगाड्या, ढगाला टेकलेल्या चिमण्या. एवढ्या जाळात माझ्या बॉनेटला दहा अंश उसने मिळेनात! परळीची वीज ग्रिडमधून कुठल्या कुठे जाते. राख मात्र गाव सोडत नाही. तेवढ्यात शेडवरून एक राखेचा टिप्पर गेला, ताडपत्री नावापुरती. पांढऱ्याशुभ्र ओल्या रंगावर करड्या पावडरीचा हलका हात बसला.

मिस्त्रींनी मान तिरपी करून पाहिलं. "मॅट फिनिश आलंय, मालक. शोरूमवाले याचे जास्तीचे पैसे घेतात."

बिलात त्यांनीही घेतले.