भिवपुरी ते दस्तुरी, व्हाया बूस्ट गेज

पावसाळी रविवारी भिवपुरी रोड स्टेशनवर उतरलेली गर्दी आषाण्याच्या धबधब्याकडे चालू लागते, आणि डॅशबोर्डवर हौसेने बूस्ट गेज, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब दाखवणारा काटा, बसवून घेतलेले गाडीवाले नेरळमार्गे माथेरानच्या घाटाकडे वळतात. धबधबा पाहायला वर बघावं लागतं, काटा पाहायला खाली. त्यामुळे दुसऱ्या वर्गाला वाटेत सह्याद्री असल्याचं कळेलच याची खात्री नाही. सपाट रस्त्यावर साठच्या वेगात पेट्रोल गाडीचा काटा शून्याच्याही खाली लोळत असतो आणि मालकाचं तोंड त्याच्यासोबत उतरतं. वास्तविक यात आजार काहीच नाही. काटा गाडीची ताकद सांगत नाही. या घडीला इंजिनाकडे किती मागणी आहे एवढंच सांगतो. टर्बो फिरतो तो जळून बाहेर पडणाऱ्या वायूवर. पाय हलका असेल तर इंधन कमी, वायू कमी, आणि थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असल्यामुळे आत चक्क ओढ. चौथ्या गिअरमध्ये रेंगाळत एकदम पाय दाबला तरी काटा क्षणभर ढिम्म राहतो, कारण टर्बोचं चाक फिरवायला लागणारा वायू अजून तयार व्हायचा असतो.

‘पण दाब जास्त म्हणजे ताकद जास्त, हे तरी खरं ना?’ या शंकेचं उत्तर भिवपुरीतच आहे. टाटांचं इथलं वीजघर १९२२ सालचं. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येतं. दर दहा मीटरला साधारण एक बार दाब धरला तर तळाशी पन्नास बार होतात. गाडीवाला एका बारवर कॉलर ताठ करतो, त्याने जरा इकडेही बघावं. गंमत अशी की तोटी बंद असते आणि विजेचा एक युनिटही तयार होत नसतो, तेव्हाही नळातला दाब तेवढाच असतो, किंचित जास्तच. दाबाला वाहतं पाणी मिळालं तरच काम होतं. गाडीत पाण्याच्या जागी हवा, आणि हवा दाबली की तापते, तापली की विरळ होते. कर्जतच्या मे महिन्यात ही हवा गार करणाऱ्या इंटरकूलरलाच घाम फुटला की काटा एक बार दाखवतो खरा, पण पोतं टम्म आणि आत चुरमुरे, अशातला प्रकार.

नेरळ सोडून घाट लागला की काट्याला अखेर जाग येते. पहिला-दुसरा गिअर, जेमतेम वीसचा वेग, काटा मात्र उंच. मालक खूश, आणि तेवढ्यात माथेरानची प्रवासी ओम्नी मागून भोंगा वाजवते. तिला टर्बो नाही, गेज तर नाहीच, पण वळणं तिला पाठ आहेत. त्यात काट्याला उंचीही कळत नाही. तो भोवतालच्या हवेच्या वर किती, एवढंच मोजतो. माथेरान सुमारे आठशे मीटरवर. तिथली हवा खालच्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी पातळ. म्हणजे नेरळचा एक बार आणि वरचा एक बार दिसायला सारखे, पण एकूण दाब वर थोडा कमीच.

मग गेज काढून टाकावं का? नाही. त्याचा उपयोग बढाईला नाही, तुलनेला आहे. तोच चढ, तोच गिअर, तेवढीच माणसं, तसाच पाय, आणि काटा नेहमीपेक्षा बराच खाली राहिला, वर फुस्स आवाज आला, तर पाइपची क्लिप सैल झाली का ते आधी बघावं. डिझेल असेल तर मागचा काळा धूर दुजोरा देतो. ‘त्यासाठी कॉम्प्युटर आहे की, तो दिवा लावेल!’ लावेल, पण बिघाड त्याच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यावर. बारीक गळती असेल तर तोवर तो टर्बोला जास्त पळवून निभावून नेतो. मात्र उलटंही ध्यानात ठेवावं: कडक उन्हात तोच कॉम्प्युटर इंजिन जपायला बूस्ट मुद्दाम आवरतो. म्हणून एका दुपारच्या काट्यावरून मेकॅनिकशी भांडू नये, चार थंड सकाळी बघाव्यात.

दस्तुरी नाक्याला मोटारींची हद्द संपते. वाहनतळावर पेट्रोल गाडी उभ्या उभ्या घुरघुरते तेव्हा काटा शून्याखाली असतो. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की तो उठून बरोबर शून्यावर येतो. काट्याच्या हिशोबाने गाडी बंद पडल्यावर सुधारली, आणि घोडेवाल्याशी घासाघीस करायला मालक मोकळा झाला.