दम धरा

नाटकाला जायचं म्हणजे घरून पिठलं-भात खाऊन निघायचं आणि मध्यंतरात बटाटावडा गाठायचा, ही आमची रीत. नाटकाआधी हॉटेलात जेवायचं खूळ लंडनहून आलं. तिथे असलेला भाचा सांगून गेला की, वेस्ट एंडला नाटकं साडेसातला सुरू होतात, म्हणून तिथली हॉटेलं संध्याकाळी नाटकवाल्यांसाठी वेगळं कार्ड काढतात. मोजके पदार्थ, ठरलेले पैसे, वेळेत मोकळे. तेव्हापासून बायको संधीच शोधत होती. बालगंधर्व रंगमंदिरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर एक नवं तारांकित हॉटेल उघडलं आणि त्याच आठवड्यात रात्री साडेनऊच्या प्रयोगाची तिकिटं हाती होती. बरोबर आत्या. वय ब्याऐंशी, दात स्वतःचे, मतंही.

नव्या हॉटेलात शिरताना कुणाच्या तरी वास्तुशांतीला आल्यासारखं वाटतं. रंगाचा वास, खुर्च्यांच्या पायांना अजून प्लास्टिक, आणि पाहुण्यांपेक्षा यजमान जास्त. आम्हा तिघांवर सहा जण तुटून पडले. एकाने खुर्ची ओढली, एकाने आत्याच्या मांडीवर रुमाल पसरला. आत्याने तो उचलून त्याच्या हातात दिला. "तुझा पडला होता बाळा."

मेन्यू म्हणून समोर ठिपक्याठिपक्यांचा चौकोन आला. आत्याने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "छपाई बिघडलीय." मग जाडजूड कार्ड आलं. मी बोट ठेवीन तो पदार्थ नसायचा. तंदूर सोमवारपासून. डोसेवाले शेफ गावाला. शेवटी व्हेज दम बिर्याणी तेवढी उरली. (शाकाहारी बिर्याणीला मसालेभात म्हणावं असं माझं मत आहे, पण ते मांडायला सव्वाआठची वेळ बरी नव्हती.)

"किती वेळ लागेल?"

"चाळीस मिनिटं, सर. दम द्यावा लागतो."

तोवर शेफकडून सप्रेम भेट आली. परातीएवढ्या बशीच्या मधोमध अंगठ्याएवढी एक कोथिंबीर वडी आणि शेजारी चटणीचे तीन थेंब. आत्या म्हणाली, "नैवेद्य झाला. आता पानं घ्या."

पानं येईनात, तेव्हा आत्याने गंधर्व नाटक मंडळी काढली. तिच्या वडिलांनी ती डोळे भरून पाहिलेली. 1913 साली निघालेली ती कंपनी. खरे शालू, खरी अत्तरं, पडदा उघडला की सुगंध पार मागच्या रांगेपर्यंत. वन्समोअर घेत घेत पहाट व्हायची. अशा नाटकाआधी माणूस बिर्याणीसुद्धा निवांत खाऊ शकला असता. पण 1968 मध्ये उघडलेल्या रंगमंदिरातली आजची तिसरी घंटा कुणाच्या दमावर चालत नाही. बायको दर दोन मिनिटांनी "अहो, विचारा ना" म्हणत होती आणि मी विचारलं की सहाच्या सहा जण आत धावत होते. परत मात्र रिकाम्या हातांनी येत होते.

सव्वानऊला मॅनेजर टॅबलेट घेऊन हसत आले.

"आपला अनुभव कसा वाटला?"

"अजून आलेला नाही," आत्या म्हणाली.

तेवढ्यात तो आला. कणकेने तोंड लिंपलेली मातीची हंडी, मागे मिरवणूक, आणि आमच्या समोर कणीक फोडण्यासाठी सुरी परजलेले खुद्द शेफ. बायको ओरडली, "फोडू नका! बांधून द्या!" शेफचा चेहरा बघवेना. गृहस्थाचा शुभारंभाचा प्रयोग ऐन प्रवेशात पडला होता.

नाट्यगृहाच्या दारातल्या माणसाने पिशवीकडे पाहिलं. "औषधं," आत्या म्हणाली, आणि ब्याऐंशी वर्षांच्या बाईची औषधं कोण तपासणार? आम्ही लोकांच्या पायांवरून अंधारात आपापल्या खुर्च्या शोधल्या. हंडी आत्याच्या पायांशी, लुगड्याच्या घोळात.

पहिल्या अंकातच जेवणाचा प्रवेश निघाला. रंगमंचावर चौकोनी कुटुंब रिकाम्या ताटांतून हवेचे घास घेत होतं. मला शेजारी काहीतरी कुडकुडल्यासारखं ऐकू आलं. आत्या अंधारात कणीक उकलत होती. केशर, पुदिना, तळलेला कांदा... वाफ एकेक रांग चढत निघाली. पुढच्या माना वळू लागल्या. मग बरोबर आमच्या मागून एक भारावलेला आवाज आला, "बघितलंस? तिकीट वाढवलं म्हणून कुरकुरत होतीस. जेवण खरं ठेवलंय!"