बुडालेला देश वर कसा काढावा : नवशिक्या राज्यकर्त्यांसाठी

सुरुवातीला राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान रिकामं झालंय का, ते पाहावं. ९ जुलै २०२२ रोजी कोलंबोत आंदोलक तिथे शिरले, तरणतलावात मनसोक्त डुंबले आणि आत सापडलेले १ कोटी ७८ लाख रुपये मोजून पोलिसांच्या हवाली करते झाले. श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे मालदीवमार्गे सिंगापूरला पोहोचले. राजीनामा ईमेलने आला. तुमच्या वाट्यालाही खुर्ची अशीच आली असेल, तर बसण्याआधी तिजोरी उघडून बघा. श्रीलंकेत मे महिन्यात वापरता येण्याजोगं परकीय चलन ५ कोटी डॉलरही उरलं नव्हतं.

मग शेजाऱ्याचं दार ठोठावा. भारताने त्या वर्षी सुमारे ४ अब्ज डॉलरचा हात दिला. त्यात इंधन आलं, अन्नधान्य आलं, औषधं आली. हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीला दिल्याचा विषय तुम्ही होऊन काढू नका. शेजारी तो विसरलेला नसतो.

यानंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. अनुभव असल्यास उत्तम. श्रीलंकेची ही सतरावी खेप होती. नाणेनिधी म्हणतो, आधी सावकारांकडून सवलतीची हमी आणा. सावकार एकमेकांकडे बघत बसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये अधिकाऱ्यांच्या पातळीवर ठरलेलं कर्ज मंजूर व्हायला मार्च २०२३ उजाडला. रक्कम सुमारे ३ अब्ज डॉलर, तीही चार वर्षांत, हप्त्याहप्त्याने. पहिला हप्ता ३३ कोटी डॉलरचा.

तोवर लोकांना इंधनाच्या रांगेत उभं ठेवा. रांग शिस्तीत लावायला क्यूआर कोड काढा. कोलंबोच्या रिक्षावाल्याला त्यावर सुरुवातीला आठवड्याला ५ लिटर पेट्रोल मिळायचं. एवढ्यात त्याने धंदा करायचा की पंपापर्यंतच्या फेऱ्या, हे त्याचं त्याने ठरवायचं. वीजदर ऑगस्टमध्ये ७५ टक्के वाढवा, फेब्रुवारीत आणखी ६६ टक्के. २०१९ मध्ये निवडणूक जिंकल्याच्या आनंदात १५ वरून ८ टक्क्यांवर आणलेला व्हॅट परत १५ वर न्या, मग १८ वर. उधळण कोणी केली, असं कोणी विचारलंच तर जागतिक परिस्थितीकडे बोट दाखवा. कोविड आणि युक्रेन हाताशी आहेतच, आणि त्यात थोडं तथ्यही आहे.

विरोधी पक्षात असाल तर काम सोपं. करारातल्या अटी बदलून घेऊ, असं प्रचारात ठणकावून सांगा आणि निवडून आल्यावर तोच कार्यक्रम पुढे चालवा. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या अनुरा कुमारा दिसानायके यांनी हेच केलं, आणि दोन महिन्यांत संसदेतही दोन तृतीयांश बहुमत मिळवलं.